दहा माणसांचे देऊळ

आश्विन शुद्ध प्रतिपदेस आपल्या घरोघरी घट बसतात. मातीच्या थरात नवे धान्य पेरले जाते, देवघरात अखंड नंदादीप तेवू लागतो, सप्तशृंगीच्या गडाकडे भाविकांची पावले वळतात आणि नाशकात कालिकेच्या यात्रेला गर्दी लोटते. याच सुमारास महाराष्ट्रातील आणखी एका जुन्या मराठी समाजाचे नवे वर्ष सुरू होत असते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी येते. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल, अर्थात आपले मराठी यहुदी. त्यांचे महिने आपल्याप्रमाणेच चांद्र असून सूर्याशी मेळ घालण्यासाठी ते १९ वर्षांत ७ अधिक मास धरतात. त्यामुळे त्यांच्या तिश्री महिन्याची प्रतिपदा पुष्कळ वर्षी आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे येते, आणि त्या महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे प्रायश्चित्ताच्या महाउपवासाचा योम किप्पुर, विजयादशमीच्या जवळ येऊन ठेपतो. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी तर तो आणि आपला दसरा एकाच तारखेस आले.

या सणांना बेने इस्राएलांच्या घरी जी जुनी मराठी नावे होती ती ऐकली की परकेपणा क्षणात गळून पडतो. वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’, महाउपवासाचा दिवस हा ‘दारफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्म करावयाचा तो ‘शिळा सण’. दारफाळणी म्हणजे दार लावून घेणे. त्या दिवशी घराचे दार लावून, शुभ्र वस्त्रे नेसून, अन्नपाणी वर्ज्य करून देवाची करुणा भाकावयाची, ही त्यांची पूर्वापार रीत.

नवरात्राच्या पानावर या समाजाचे स्मरण आम्ही करतो ते केवळ कौतुकापोटी नव्हे. जन्म, मौंज, विवाह आणि मृत्यू या चार प्रसंगी कुटुंबाच्या पाठीशी उभे कोणी राहावयाचे, हा प्रश्न आज आपल्या प्रत्येक घरापुढे उभा आहे. त्या प्रश्नाचे एक उत्तर या लहानशा समाजाने आपल्या धर्माचारात जपून ठेवले आहे. ते उत्तर आपण जवळून पाहावे, असे आम्हांस वाटते.

शनिवार पाळणारे तेली

बेने इस्राएलांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळील नवगावच्या समुद्रात फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा धरला, गावोगाव वस्ती केली आणि गावांवरून आडनावे घेतली. दिवे येथील ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, अष्टमीचे ते अष्टमकर. भाषा मराठी, लुगडे मराठी, शेजार मराठी. वेगळेपण एवढेच की, शनिवारी हे लोक घाण्याला बैल जुंपीत नसत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले.

या लोकांजवळ धर्मग्रंथ उरलेला नव्हता. हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती. प्रार्थनामंदिर तर कित्येक शतके नव्हतेच. तरीही कोचीनहून आलेल्या दाविद राहाबी नावाच्या विद्वानाने त्यांना आपले धर्मबंधू म्हणून ओळखले, असे त्यांची परंपरा सांगते. कशावरून ओळखले? शनिवारची विश्रांती, खवले व पर असलेलीच मासळी खाण्याचा नियम, मुलाची आठव्या दिवशी सुंता, आणि ‘शेमा’ नावाच्या एकेश्वराच्या मंत्राचे शब्द. तो मंत्र हे लोक कोणत्या प्रसंगी म्हणत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मूल जन्मास आले म्हणजे, लग्न लागले म्हणजे आणि माणूस गेले म्हणजे. पोथी हरवली, भाषा हरवली; पण कुटुंबातील संस्कारांच्या प्रसंगी चार माणसांनी एकत्र येऊन उच्चारलेले ते शब्द हरवले नाहीत. त्याच धाग्याने या समाजाला शतकानुशतके बांधून ठेवले.

देऊळ पुढे आले. कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी असलेले समाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. सुटका झाल्यास देवाचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला आणि सुटून आल्यावर १७९६ साली मुंबईत मांडवीच्या वस्तीत तो फेडला. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्या सिनेगॉगचे नाव. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्यास सॅम्युएल स्ट्रीट हे नाव समाजींवरूनच पडले. मागाहून अलिबागेस १८४८ साली, पनवेलास १८४९ साली आणि ठाण्यास १८७९ साली सिनेगॉगे उभी राहिली. पुण्यात डेव्हिड ससून या बगदादी यहुदी दात्याच्या औदार्यातून झालेल्या लाल विटांच्या वास्तूला तर पुणेकरांनी ‘लाल देऊळ’ असेच म्हटले. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळाला आपल्या भाषेत देऊळ म्हणणे, हा महाराष्ट्राचा सहज धर्म होय.

या सिनेगॉगांचा कारभारही मराठी मुलखाच्या वळणाचा. प्रमुखास मुकादम म्हणावयाचे, खजिनदारास गब्बाई. त्यांच्या साहाय्याला गावगाड्यातील नावाचेच चौगुले. प्रार्थना चालविणारा तो हजान, आणि देवळाची झाडलोट, दिवाबत्ती व निरोप पोचविण्याचे काम पाहणारा तो शमाश.  जो तो आपापला प्रपंच सांभाळणारा गृहस्थ, आणि त्यातल्याच काहींच्या गळ्यात ही कामे पडलेली. घरातले दुःख वा आनंद प्रथम यांच्या कानी जावयाचा आणि मग शमाशामार्फत सर्वांना कळावयाचा.

पाळण्यापासून कबरीपर्यंत

यहुदी घरात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंतेचा विधी होतो. सिनेगॉगात त्यासाठी एक विशेष आसन असते. ते एलियाहू हनबी या प्रेषिताचे आसन. तो अदृश्य रूपाने प्रत्येक बालकाच्या या संस्कारास उपस्थित राहतो, अशी श्रद्धा आहे. कोकणातील यहुद्यांची या एलियाहूवर विलक्षण भक्ती. अलिबागजवळील खंडाळे गावी त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत असे ते मानतात आणि नवस फेडण्यास तेथे जातात. मुलीला पाळण्यात घालून, गाणी म्हणून नाव ठेवण्याची त्यांची चाल तर आपल्या बारशाची सख्खी बहीण शोभावी.

शुभप्रसंगी त्यांच्याकडे ‘मलिदा’ होतो. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, सुका मेवा आणि फळे यांचे ताट मांडतात, एलियाहूचे स्तवन गातात, आणि तो प्रसाद जमलेल्या सर्वांना वाटतात. मूल झाले, घर बांधले, लग्न ठरले, दुखण्यातून कोणी उठले की मलिदा. ज्याने आपल्याकडे सत्यनारायणाचा शिरा वाटला आहे, त्याला या प्रसादाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही. प्रसाद एकट्याने खावयाचा नसतो. तो वाटला म्हणजेच प्रसाद होतो.

मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याला तोराची गुंडाळी उघडून सर्वांपुढे पठण करण्याचा अधिकार येतो. आपल्या उपनयनाशी याचे साम्य उघड आहे. मात्र त्याला त्या दिवशी अधिकाराबरोबर एक जबाबदारीही येते. तो आता ‘दहांत’ धरला जातो.

हे दहांचे गणित या साऱ्या विषयाचा गाभा आहे. यहुदी शास्त्राप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष जमावे लागतात. दहा नसतील तर तोराची गुंडाळी बाहेर काढून समुदायापुढे वाचता येत नाही. दहा नसतील तर लग्नात वधूवरांना द्यावयाचे सात आशीर्वाद विधिपूर्वक म्हणता येत नाहीत. दहा नसतील तर मृताच्या पुत्राला ‘कद्दीश’ म्हणता येत नाही. मनुष्य कितीही श्रीमंत असो, कितीही विद्वान असो, त्याला ही प्रार्थना एकट्याने विकत घेता येत नाही. नऊ पंडित असले तरी चालत नाही, आणि दहा साधे तेली असले तरी भागते.

लग्नाचेच पाहा. आदल्या दिवशी वधूला मेंदी लागते. वधू पांढरी साडी नेसून सिनेगॉगात येते, तेव्हा वर उभा राहून हिब्रू गीताने तिचे स्वागत करतो. मंगळसूत्रही पुष्कळ कुटुंबांत असते. विवाहाचा लेख, ज्याला ‘केतुबा’ म्हणतात, सर्वांसमक्ष वाचला जातो आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात. या लेखात नवऱ्याने बायकोप्रती पत्करलेली कर्तव्ये नमूद असतात. तिला वैधव्य वा घटस्फोट आल्यास किती रक्कम द्यावयाची, तेही आधीच लिहिलेले असते. मंगलप्रसंगी असे अमंगळ कशाला बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु मुलीचे पुढचे दिवस साऱ्या समाजासमोर शब्दांत बांधून घेणे, यात आशीर्वादाचीच एक जबाबदार रीत आहे, असे आम्ही मानतो.

आणि मृत्यू? देहाला स्नान घालण्याचे काम समाजातीलच माणसे करतात. श्रीमंत असो वा गरीब, कफन एकसारखेच, साध्या पांढऱ्या वस्त्राचे. शक्य तितक्या लवकर दफन होते. परतल्यावर शोकाकुल घराने पहिला घास आपल्या घरचा खावयाचा नसतो. तो शेजाऱ्यांनी आणावयाचा असतो. सात दिवस घरचे लोक बाहेर पडत नाहीत. समाजच त्यांच्या घरी जातो आणि तेथे प्रार्थना होते. पुढे आईबापांसाठी मुलगा अकरा महिने कद्दीश म्हणतो आणि दरवर्षी त्यांच्या पंचांगातील तिथीला स्मरण करतो. कद्दीशची थोरवी अशी की, त्या प्रार्थनेत मृत्यूचा एक शब्दही नाही. तीत आहे केवळ परमेश्वराची स्तुती. ज्याचे काळीज फाटले आहे त्याने दहा माणसांच्या मध्ये उभे राहून देवाची स्तुती करावयाची, आणि त्या दहांनी ‘आमेन’ म्हणून तिला पाठबळ द्यावयाचे. ज्या माणसाला त्या काळी एकटे कोंडून घ्यावेसे वाटते, त्याला शास्त्र हाताला धरून माणसांत आणते. तो दुःखात बुडू नये यासाठी दहा जणांना त्याच्या भोवती उभे करणारा हा नियम करुणेतून जन्मलेला आहे.

चार खांदे, पाच सवाष्णी

आता आपल्याकडे वळू. आपल्या शास्त्राने सोळा संस्कार सांगितले. आपल्या आयाबायांनी त्यांना लोकाचाराची जोड दिली. त्यात जागोजाग आकडे आहेत. ओटी भरण्यास पाच सवाष्णी हव्यात. नवरात्रात कुमारिकापूजन करावयाचे तर शेजारपाजारच्या मुली घरी आल्या पाहिजेत. मुंजीच्या मातृभोजनाला आठ बटू पंक्तीला हवेत. लग्नात अक्षता टाकणारा प्रत्येक हात साक्षीदाराचा हात होतो. आणि शेवटच्या प्रवासास चार खांदे लागतात. एकट्या माणसाला आपले कोणतेच कार्य तडीस नेता येणार नाही, अशी तजवीज आपल्याही परंपरेने करून ठेवली आहे. आकडा पाळावयाचा तर शेजाऱ्याचे दार ठोठवावेच लागते. दार ठोठवावे लागते म्हणून त्याच्याशी बोलणे ठेवावे लागते. शास्त्रातील संख्येचा खरा उपयोग तो हाच.

पूर्वी ही संख्या सहज भरत असे. पंचवटीत, भद्रकालीत, जुन्या नाशकातील कोणत्याही वाड्यात एका चौकाभोवती दहा-बारा बिऱ्हाडे असत. एका घरी बाळंतीण असली की दुसऱ्या घरून डिंकाचे लाडू येत. एका घरी सुतक आले की तेथे चूल पेटत नसे, आणि पिठलेभात झाकून कोण आणून ठेवी हे विचारावे लागत नसे. वाडे गेले. त्यांच्या जागी इमारती आल्या. गंगापूर रस्त्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत शहर पसरले. कारखान्यांच्या निमित्ताने गावोगावची कुटुंबे येथे आली. हे घडावयाचेच होते आणि त्यात कोणाचा दोषही नाही. परंतु वाड्याबरोबर वाड्याचे काम करणारे दुसरे काही उभे राहिले नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

त्याचे परिणाम सर्वांना दिसतात. बारसे आता कार्यालयात होते. पूजेचे साहित्य, गुरुजी, जेवण आणि छायाचित्रे असा सारा ऐवज एकाच ठिकाणी पैसे भरून मिळतो. गुरुजी विधी यथासांग करतात, जेवणही रुचकर असते. उणीव राहते ती एवढीच की, त्या दिवशी पंगतीला आलेल्यांपैकी कोणीही चार महिन्यांनी मूल तापाने फणफणले असता रात्री दार वाजविणार नसतो. मुले परदेशी असलेल्या वृद्ध दांपत्यापैकी एक जण गेला, तर मागे राहिलेल्याच्या भोवती दहा दिवस बसावयास कोण येते? रामकुंडावर अस्थिविसर्जनास दूरदूरच्या गावांहून कुटुंबे येतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे लिहिलेली असतात. वहीत आजोबांबरोबर आलेल्या भाऊबंदांची ओळच्या ओळ असते. आणि आज तिच्यापुढे नाव लिहावयास पुष्कळदा एकटा मुलगाच उभा असतो.

देऊळ हे काम करील काय?

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. आपले संस्कार गृह्य आहेत, त्यांचे स्थान घरचा अग्नी हे आहे. आपले देऊळ दर्शनाचे ठिकाण असून सभासदांचा मेळावा नव्हे. तेव्हा यहुद्यांच्या सिनेगॉगाचा नमुना आपणांस लागू पडत नाही, असे कोणी म्हणतील. हे म्हणणे खरे आहे. भक्त आणि देव यांच्या मध्ये हजेरीपट न ठेवणारे आपले मोकळेपण आम्हांसही प्रिय आहे. परंतु घरातील संस्काराला माणसांचा जो वेढा लागतो, तो आजवर वाड्याने, भावकीने आणि गावाने पुरविला. तिन्ही सैल झाली असता तो वेढा पुन्हा कोणी तरी घालावयास हवा. तो घालण्यास, जिथे माणसे आपण होऊन जमतात त्या देवळाखेरीज आणि उत्सवाच्या मंडपाखेरीज अधिक योग्य जागा कोणती?

दुसरे असे म्हटले जाईल की, अल्पसंख्य समाज स्वाभाविकच एकमेकांस धरून राहतो; मोठ्या समाजाला ते साधत नाही. बेने इस्राएलांची आजची स्थिती पाहिली म्हणजे याचे उत्तर मिळते. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुद्यांची संख्या पाच हजारांच्या आतच भरली. अलिबागेत ‘इस्राएल आळी’ हे नाव आहे, सिनेगॉग आहे, पण आळीत त्यांची घरे थोडी उरली आहेत. कोकणातील लहान गावांच्या सिनेगॉगांतून रोजच्या प्रार्थनेस दहा जण जमणे दुरापास्त झाले. सणासुदीला मुंबई-ठाण्याहून माणसे येतात तेव्हा दिवे लागतात. ज्यांच्याजवळ शतकानुशतके देऊळ नव्हते पण माणसे होती, त्यांच्याजवळ आज देवळे आहेत आणि माणसे मोजावी लागतात. दहावा माणूस यावा म्हणून नऊ जण वाट पाहत बसतात. आपल्या गल्लीत दहा नव्हे, शंभर जण आहेत. आणि तरीही आपण त्यांना हाक मारत नाही. संख्या लहान असल्यामुळे एकी येते असे म्हणून स्वतःची सुटका करून घेणे आपणांस शोभणारे नाही.

मोजावयाचे ते कोणाला?

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जी संख्या माणसे जोडते, तीच अविचाराने वापरली तर माणसे तोडते. दहांत केवळ पुरुष धरावयाचे, या नियमाबद्दल यहुद्यांतही विचार झाला आहे आणि जगातील सुधारक पंथांच्या सिनेगॉगांत स्त्रियांनाही दहांत धरतात. मुंबईत १९२५ साली सुधारक विचारांची ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. तिच्या उभारणीत डॉ. जेरुशा झिराड यांचा पुढाकार होता. हजारो मातांची बाळंतपणे सुखरूप पार पाडणाऱ्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या या विदुषीस प्रार्थनेच्या गणतीत न धरणे किती विपरीत, हे सांगावयास नकोच.

खुद्द इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांनाही वगळले जाण्याचे दुःख भोगावे लागले. त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांच्या शुद्धतेची चौकशी करावी, असा आदेश तेथील धर्मपीठाने १९६२ साली काढला. तेल गाळीत, शनिवार पाळीत ज्यांनी धर्म टिकविला त्यांनाच धर्माचा दाखला मागितला गेला. या कोकणी मराठी माणसांनी शांततेने धरणे धरले, आणि १९६४ साली तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे ठरावाने जाहीर केले. विवाहासारख्या मंगल क्षणी समाजाने दार लावून घेतले तर संस्कार कसा अडून पडतो, याचा हा धडा होय.

आपल्या घरीही हा प्रश्न आहे. पाच सवाष्णी मोजताना शेजारची विधवा माउली आपण मोजीत नाही. बारशाला, ओटीला, हळदीकुंकवाला तिचे पाऊल उंबऱ्यापाशी अडते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना हीन लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले. नवरात्र हा तर शक्तीचा उत्सव. ज्या जगदंबेपुढे आपण नऊ दिवस दिवा लावतो, तिच्याच लेकींपैकी एकीला मोजावयाचे आणि एकीला गाळावयाचे, हे देवीला रुचेल असे आम्हांस वाटत नाही.

घटासमोरचा संकल्प

मग करावे काय? फार मोठे काही नव्हे. प्रत्येक नवरात्र मंडळाजवळ वर्गणीचे पावतीपुस्तक असते. त्यात वस्तीतील प्रत्येक घराचे नाव असते. उत्सव संपला की ते कपाटात जाते. त्याऐवजी तेच वस्तीचे घरपत्रक मानावे. दर गल्लीतून दहा जण निवडावेत, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. त्यांनी एवढेच व्रत घ्यावे : वस्तीत मूल जन्मले की बाळंतिणीच्या घरी जाऊन तिची विचारपूस करावयाची, लग्न निघाले की परगावच्या कुटुंबास आपली माणसे म्हणून उभे राहावयाचे, आणि मृत्यू झाला की खांदा द्यावयाचा, पहिले दोन वेळचे जेवण आपल्या घरून न्यावयाचे व दहा दिवस रोज सायंकाळी घटकाभर तेथे जाऊन बसावयाचे. जमल्यास हरिपाठ म्हणावा; न जमल्यास नुसते बसावे. दुःखाच्या घरी नुसते बसणे, ही देखील उपासनाच आहे.

देवस्थानांच्या विश्वस्तांनाही आम्ही सुचवू इच्छितो. मंदिराचा सभामंडप कीर्तनाला देतो तसा गरजू कुटुंबाच्या बारशाला, वर्षश्राद्धाच्या प्रसादाला द्यावा. कीर्तनाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. बेने इस्राएलांनी आपली मराठी कीर्तनाची पद्धत मनापासून उचलली. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांचे कीर्तनकार अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची चरित्रे मराठी पद्यांत रंगवून सांगू लागले. आपल्या नारदीय गादीपासून त्यांनी श्रवणाची गोडी घेतली. त्यांच्यापासून आपण दहा माणसांची रीत घ्यावी, यात कमीपणा कसला? एकाच मातीत राहणाऱ्यांची ही परस्परांतील देवघेव आहे.

नाशकात यहुद्यांचे सिनेगॉग नाही. आपल्याला जवळचे म्हणजे ठाण्याचे. पण कोकणातील लहान गावांच्या सिनेगॉगांत नऊ जण बसून दहाव्याची वाट पाहतात, ते चित्र या नऊ दिवसांत आपण मनासमोर ठेवावे. आपल्या इमारतीच्या एखाद्या मजल्यावर, बंद दारामागे, आज कोणी अशीच वाट पाहत नसेल कशावरून? दसऱ्याला आपण सोने लुटतो आणि आपट्याची पाने घेऊन घरोघर जातो. जाताना एका दाराशी, जिथे वर्षभर गेलो नाही तिथे, थोडे थांबावे. तेथील माणसाला विचारावे की, घरी सारे क्षेम आहे ना. आणि न विसरता सांगावे : काही उणे-अधिक झाले तर आम्हांला हाक मारा, आमची गणना तुमच्या माणसांत करा. जगदंबा ही सुबुद्धी आपणां सर्वांस देवो.